बायकोसाठी छोटं पिस्तूल घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला स्वसंरक्षणासाठी हँडगन घ्यायची आहे. तिने आजवर एकही गोळी चालवलेली नाही, हात लहान आहेत, आणि ओळखीतल्या तिघाचौघांनी एकच सल्ला दिलाय की पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं हलकं रिव्हॉल्व्हर घे, बाईमाणसाला तेच सोपं. हे बरोबर का?

माझं उत्तर नाही असं आहे. पण सल्ला देणाऱ्यांना हसू नका, कारण एकेकाळी मीही हेच केलंय. तेव्हा मी पिस्तूल चालवायला शिकवत नव्हतो, नुसता हौशी होतो. बायकोसाठी चारशे ग्रॅमचं, .३८ मापाच्या गोळीचं एक रिव्हॉल्व्हर मोठ्या कौतुकाने आणलं. तिने पहिल्या दिवशी सात गोळ्या चालवल्या. पाचांचं एक सिलिंडर आणि दुसऱ्यातल्या दोन. उरलेल्या तीन काढून तिने माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाली, "या तुम्ही संपवा." ते रिव्हॉल्व्हर कपाटात गेलं ते गेलंच. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात सालटं निघालं होतं, हे तिने मला रात्री दाखवलं.

लहान म्हणजे हाताळायला सोपं, हे सुरीला किंवा हातोडीला लागू पडत असेल, हँडगनच्या बाबतीत ते उलटं आहे. गोळी तीच असेल तर मागे येणारा रेटाही तेवढाच असतो. वजन निम्मं केलंत की हत्यार दुप्पट वेगाने मागे येतं आणि हाताला पेलायची ऊर्जाही दुप्पट होते. ९ मिमीची १२४ ग्रेनची, म्हणजे साधारण ८ ग्रॅमची, नेहमीची गोळी एक किलोच्या पिस्तुलातून सुटली तर ढोबळ हिशोबाने पाच ज्यूल हातात येतात. अर्ध्या किलोच्या पिस्तुलातून तीच सुटली की दहा. शिवाय छोट्या पिस्तुलाची मूठ छोटी, म्हणजे तो सगळा धक्का तळहाताच्या कमी जागेत बसतो आणि करंगळी हवेत लोंबकळत राहते. नळी आखूड असल्यामुळे बार मोठा वाजतो, भडकाही डोळ्यांपुढे जास्त दिसतो. नेम धरायची पुढची आणि मागची माशी (नळीवरच्या खुणा) जवळजवळ असल्याने नेमातली केसभर चूक लक्ष्यावर वीतभर होते.

हलक्या रिव्हॉल्व्हरचं दुखणं चापातही आहे. स्मिथ अँड वेसनच्या ६४२ सारखं, आत लपलेल्या घोड्याचं (काडतुसावर ठोका देणाऱ्या भागाचं) रिव्हॉल्व्हर घ्या. वजन ४१० ग्रॅमच्या आसपास. चाप ओढायला मात्र साधारण पाच किलोचा जोर लागतो आणि ओढही लांबलचक. हत्याराच्या वजनाच्या दहापटींहून जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि तरी नळी हलू द्यायची नाही! मुरलेल्या माणसाला हे जमतं, नवशिक्याची नळी खाली आणि बाजूला जाते. म्हणून आम्ही शिकवणारे आपसात म्हणतो की हे जाणत्याचं हत्यार आहे, चुकून नवशिक्याच्या हाती दिलं जातं. त्यातही साडेतीनशे ग्रॅमपेक्षा हलकी, .३५७ मॅग्नम ही फार जोरदार गोळी चालवणारी रिव्हॉल्व्हरं मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मी स्वतः त्यातून एका बैठकीत दहाच्या वर गोळ्या चालवत नाही.

आता खरेदीकडे वळण्याआधी एक गोष्ट ठरवा, जी बहुतेक जोडपी ठरवतच नाहीत: हे हत्यार राहणार कुठे? घरात, तिजोरीतच राहणार असेल तर छोटं घ्यायचं कारणच उरत नाही. तिथे ग्लॉक १९ च्या मापाचं, रिकामं सहाशे-साडेसहाशे ग्रॅमचं, पंधरा गोळ्यांचं पिस्तूल लहान हातालाही छोट्यापेक्षा सोपं जातं. छोटेपणाचा उपयोग एकच, अंगावर लपवून बाळगता येणं. म्हणजे ती रोज बाळगणार असेल तर आणि तरच छोट्याचा विचार. तेव्हाही सर्वांत छोटं शोधू नका, तिच्या रोजच्या कपड्यांत न दिसता राहील असं सर्वांत मोठं शोधा. ती काय घालते, बसून काम करते की उभ्याने, मूल कडेवर असतं का, हे तिला विचारा. तुमच्या कमरेवर जे लपतं ते तिच्या कमरेवर लपेलच असं नाही. स्त्रियांची कंबर धडाच्या मानाने वर असते, त्यामुळे पट्ट्यावरच्या होल्स्टरमधल्या (पिस्तुलाच्या म्यानातल्या) पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसते.

हाताचं माप असं बघायचं. पिस्तूल रिकामं आहे ना, हे दोघांनी डोळ्यांनी आणि बोट घालून तपासायचं. मग तिने ते एका हातात असं धरायचं की अंगठ्याचं बेचकं मुठीच्या मागच्या बाजूला शक्य तितकं वर बसेल आणि नळी मनगट-कोपराच्या सरळ रेषेत येईल. आता मूठ न फिरवता तर्जनी चापावर. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापाच्या मधोमध आला तर माप जुळलं. नुसतं टोक पोचत असेल आणि ती पोचण्यासाठी नकळत हात फिरवत असेल, नळी तिरकी होत असेल, तर ते पिस्तूल बाजूला ठेवा, कितीही आवडलेलं असो. बोट फार आत जात असेल तर मूठ उलट बारीक आहे. काही पिस्तुलांच्या मागच्या पट्ट्या बदलता येतात, त्याने थोडा फरक पडतो. बायकांचे हात लहान म्हणून मूठही लहानच हवी, असं समीकरण मांडू नका. करंगळीसकट तिन्ही बोटं मुठीवर मावणं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, ओढता येत नाही, ही नवशिक्यांची ठरलेली तक्रार, आणि रिव्हॉल्व्हरचा सल्ला निम्म्या वेळा इथूनच जन्माला येतो. इथे जरा यंत्र समजून घ्यावं लागेल. काही छोट्या पिस्तुलांत नळी पक्की असते आणि बार उडताना स्लाइडला रोखून धरायचं काम फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग करते. जुनं वॉल्थर पीपीके हे त्याचं ठळक उदाहरण. त्याची .३८० ची गोळी (वरच्या .३८ हून वेगळी) सौम्य, पण स्प्रिंग करकरीत ताठ. उलट नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून राहतात त्या रचनेत, म्हणजे ब्राउनिंगच्या कल्पनेवर बेतलेल्या जवळपास सगळ्या आजच्या ९ मिमी पिस्तुलांत, स्प्रिंग त्या मानाने मऊ चालते. म्हणून गोळी लहान तर स्लाइडही ओढायला सोपी, असं गृहीत धरू नका. त्यातही पिस्तूल जितकं छोटं तितकी स्लाइड वजनाला हलकी, आणि स्लाइड हलकी की स्प्रिंग ताठ. मोठ्या पिस्तुलाची स्लाइड बहुधा सोपी जाते, ती यामुळे.

अर्ध्याअधिक वेळा मात्र अडचण ताकदीची नसून पद्धतीची निघते. नवशिकी काय करते? पिस्तूल लांब हातावर धरून, दोन चिमटीत स्लाइड पकडून मागे खेचते. तसं मलाही जड जातं. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी सुरक्षित दिशेला. डावा पंजा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून, चार बोटं एका बाजूला आणि तळहाताचा उंचवटा दुसऱ्या बाजूला, अशी घट्ट पकड. आता स्लाइड ओढायची नाही, ती जागेवर धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं, जणू दार लोटताय. पूर्ण मागे आली की सोडून द्यायची, हाताने पुढे आणायची नाही. एक साठीच्या बाई माझ्याकडे आल्या होत्या, बोटांना संधिवात. "मला जमणारच नाही हे" असं दारातच म्हणाल्या. दहा मिनिटांनी त्यांनी ओळीने आठ वेळा स्लाइड मागे नेली आणि नवव्या वेळी माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं.

तरीही खरोखरच जोर नसेल तर मुद्दाम सोपी केलेली पिस्तुलं आहेत. स्मिथ अँड वेसनने २०१८ साली .३८० मध्ये शील्ड ईझेड आणलं, २०२० साली ९ मिमीमध्ये. आत घोडा असल्यामुळे स्लाइडचा भार कमी, मॅगझिनला (गोळ्या भरायच्या डबीला) खाली बोटाने ओढायची बटणं, म्हणून गोळ्या भरतानाही अंगठा सोलवटत नाही. मुठीच्या मागे दाबली जाणारी सुरक्षा-पट्टी आहे, ती तिच्या पकडीत दरवेळी पूर्ण दबते ना हे मात्र बघा. बेरेटाच्या काही छोट्या पिस्तुलांत, .३२ चं टॉमकॅट त्यातलं, नळी बिजागरीवर वर उचलली जाते आणि पहिली गोळी थेट नळीत ठेवता येते, स्लाइडला हात लावावाच लागत नाही.

आता गोळीचं माप. यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात, मी चार-पाच वाक्यांत आटोपतो. पेलवत असेल तर ९ मिमी: १९०२ पासून चालत आलेली, सगळीकडे मिळणारी, सरावाला त्यातल्या त्यात स्वस्त. ती टोचत असेल तर .३८०, पण ती ग्लॉक ४२ किंवा ईझेड अशा अडकत्या नळीच्या पिस्तुलातून. पावशेराच्या खिशातल्या पिस्तुलातून .३८० सुद्धा चावते. संधिवात असेल किंवा मनगट दुखरं असेल तर .२२ चाही विचार मी फेटाळत नाही, फक्त तिचा बार कधीकधी उडत नाही हे माहीत असू द्या, कारण तिचं स्फोटक काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं आणि ते सगळीकडे सारखं पसरतंच असं नाही. नेमक्या जागी दोन गोळ्या लावणाऱ्या .२२ ला मी, डोळे मिटून हवेत उडवलेल्या मॅग्नमपेक्षा, केव्हाही वर ठेवीन.

स्वसंरक्षणाच्या गोळीबद्दल एवढंच की पुढून खळगा असलेली गोळी आखूड नळीतून सुटली की तिचा वेग कमी पडतो. मग ती लागल्यावर कधी फुलून पसरतच नाही, कधी फुलते पण पुरेशी आत जात नाही. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने जिलेटिनच्या मऊ ठोकळ्यात गोळी किती खोल जाते हे बघायच्या चाचण्यांसाठी १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर, हे माप धरलं. आखूड नळीतून ते गाठणाऱ्या गोळ्या मुद्दाम बनवलेल्या मिळतात. निवडाल त्या गोळीचे निदान दोनशे बार तिच्याच हातून, एकदाही न अडकता जाऊ देत. तुमच्या हातात नीट चालणारं छोटं पिस्तूल तिच्या हातात अडकू शकतं. मनगट सैल राहिलं की स्लाइडला मागे जायला टेकू मिळत नाही आणि पुढची गोळी तिरकी होऊन बसते. लोक पिस्तुलाला दोष देतात, दोष मनगटात असतो. अर्थात एवढं निगुतीचं मनगट लागणारं पिस्तूल घाबरलेल्या माणसाला कशाला द्यायचं, हाही प्रश्न आहेच.

रिव्हॉल्व्हरला मी वाईट म्हणतोय असं समजू नका. खिशातून किंवा अंगाला चिकटून चालवायचं झालं तर ते अडकत नाही. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढला की पुढची येते. सैल मनगटाची त्याला पर्वा नाही. तिला तेच आवडलं, तर पोलादी चौकटीचं, साडेपाचशे-सहाशे ग्रॅमचं घ्या, मूठ रबराची आणि करंगळी मावेल इतकी लांब, आणि आत १४८ ग्रेनच्या चपट्या तोंडाच्या वॉडकटर गोळ्या. त्यांचा धक्का बराच सौम्य. नवी काडतुसं घाईने भरायला मात्र त्या चपट्या तोंडामुळे जड जातात. मग रोज संध्याकाळी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर वीस वेळा चाप, पुढच्या माशीवर नजर ठेवून. दोन-तीन महिन्यांत बोट तयार होतं.

२०१८ साली सिग साउअरचं पी३६५ आलं आणि या सगळ्या चर्चेचा तोलच बदलला. अर्ध्या किलोचं पिस्तूल, मॅगझिनमध्ये दहा अधिक नळीत एक गोळी, ९ मिमी. आता त्या मापाची अनेक कंपन्यांची पिस्तुलं आहेत. त्याच वर्गातलं थोड्या लांब मुठीचं पिस्तूल ही रोज बाळगणाऱ्या बहुतेक नवशिक्यांसाठी माझी पहिली शिफारस. चाप अडीच-तीन किलोचा, ओढ छोटी. पण छोटी ओढ म्हणजे चुकून दाबला जाण्याची शक्यताही जास्त, म्हणून पुढची गोष्ट टाळता येणार नाही.

होल्स्टर. चाप पूर्ण झाकणारं, ताठ, पिस्तूल काढल्यावर न मिटणारं. मऊ कापडी पिशवी होल्स्टर नव्हे. आणि पर्स? मला पर्स आवडत नाही. पर्स खुर्चीवर लटकते, दुकानाच्या गाड्यावर राहते, हिसकावली जाते, आणि मुलं आईच्या पर्समध्ये हात घालतात, ते त्यांचं कामच आहे. पर्सशिवाय मार्गच नसेल तर कुलपाचा वेगळा कप्पा, त्यात फक्त पिस्तूल आणि तेही होल्स्टरमध्ये, आणि पर्स क्षणभरही खांद्यावरून उतरवायची नाही. एकदा वर्गात एका विद्यार्थिनीची पर्स मी तिच्यासमोर टेबलावर रिकामी केली. सुट्टं पिस्तूल, आणि चापाच्या कड्यात सरकलेली लिपस्टिकची नळी. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, गोळी भरलेली होती. वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. अंगावर नसेल तेव्हा ते बोटाने किंवा आकड्यांनी चटकन उघडणाऱ्या, भिंतीला किंवा फळीला पक्क्या केलेल्या पेटीत. उशीखाली नाही, कपाटावर नाही. कपाटावर मूल चढतं.

घरात कोणी नैराश्यातून जात असेल, मग ती स्वतः असो, तुम्ही असा की मोठा मुलगा, तर आत्ता घेऊ नका. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाख प्रौढांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. हँडगन स्वतःच्या मालकीची असलेल्या स्त्रियांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण, ती नसलेल्या स्त्रियांच्या सुमारे ३५ पट होतं. असे दिवस मध्येच आले तर हत्यार कायदेशीर मार्गाने घराबाहेर कुणाकडे ठेवता येईल, हे खरेदीच्या आधीच ठरवून ठेवा. परवाना, बाळगण्याचे नियम, कुणाच्या नावावर घ्यायचं, बळाचा वापर कायद्याने कधी माफ होतो, हे तुमच्या भागातल्या वकिलाला विचारा. माझ्यासारख्या शिकवणाऱ्याच्या तोंडून ऐकून वागू नका.

आणि तिला हवंय का? तुमच्या पत्रात "ती तयार आहे" असं एकदा आलंय, "तिला हवंय" असं एकदाही नाही. वर्गात या दोघींत मला पहिल्या तासात फरक कळतो. तयार असलेली बाई सूचना संपायची वाट बघते, हवं असलेली मध्येच प्रश्न विचारते. तिला नको असेल तर चांगलं कुलूप, बाहेरचे दिवे, आडदांड कुत्रा, मिरचीचा फवारा, यातलं काय पटतं ते घ्या. नको असलेलं पिस्तूल घरात ठेवलं तर ते न सांभाळलेलं पिस्तूल होतं.

हवं असेल तर तुम्ही स्वतः शिकवू नका. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवताना जे होतं तेच इथे होतं, फक्त हातात गाडी नसते. शक्यतो स्त्री प्रशिक्षक बघा. पहिला दिवस नियमांचा. अमेरिकेतला नावाजलेला हत्यार-प्रशिक्षक जेफ कूपर याने बसवलेले चार: प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याकडे नळी करायची नाही, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्य व त्याच्या मागे काय आहे याची खात्री. मग पूर्ण मापाचं .२२. कानाला दुहेरी संरक्षण, आत फोमचे बोळे आणि वर मफ, कारण आखूड नळीच्या हँडगनचा आवाज १५५ ते १६० डेसिबलपर्यंत जातो आणि नवशिकी जी दचकते ती निम्मी आवाजालाच.

त्यानंतर भाड्याने किंवा प्रशिक्षकाकडची तीन-चार पिस्तुलं, एका बैठकीत. प्रत्येकाबरोबर तिने ही कामं एकटीने करायची: मॅगझिन भरायचं, स्लाइड दहा वेळा ओढायची, रिकामं करायचं, मग पाच मीटरवरून तळहाताएवढ्या वर्तुळात सावकाश पाच गोळ्या, आणि शेवटी पाच जरा घाईत. कागदांवर पिस्तुलाचं नाव लिहून ठेवा. कोणतं छान दिसतं किंवा कोणतं नावाजलेलं आहे याला गुण नाहीत. पाचांतल्या पाच कुठे बसल्या आणि दहाव्या गोळीनंतर "अजून एक मॅगझिन देता का" असं तिने कोणत्या पिस्तुलाला म्हटलं, एवढंच बघायचं.

आणि हे सगळं चालू असताना तुम्ही काचेच्या बाहेर बसा. आत आलात तर ती तुमच्याकडे बघून हो म्हणेल.